दुपट्याचा पासंग

माझे सासरे काटे दुरुस्त करतात. पायात रुततात ते नव्हेत आणि घड्याळातलेही नव्हेत, वजनाचे. माझं लग्न ठरलं तेव्हा "काट्यांच्या घरात चाललीस, जपून पाऊल टाक" असं म्हणून मैत्रिणींनी माझी यथेच्छ चेष्टा करून घेतली होती. सासरेबुवांना सगळे काटेबुवाच म्हणतात. कुणी खऱ्या आडनावाने हाक मारली तर आपल्या मागे दुसरा कोणी उभा आहे का, हे ते वळून बघतात.

खाली दुकान आणि वर आमच्या तीन खोल्या. दुकानात सोनाराचा काचेच्या पेटीतला काटा असतो, गोदामातले जमिनीवर ठेवायचे जाडजूड काटे असतात, टपालाच्या पार्सलांचा असतो. दवाखान्यातला एक उभा काटा कायम दाराशी असतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक जाता जाता त्याच्यावर चढतं, आकडा बघतं आणि विचारतं, "हा बिघडलेला आहे ना?" सासरेबुवा मान वर न करता सांगतात, "काटा नीट आहे. बाकीचं तुम्ही बघा."

अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. किती वाजले विचारलं तर "अकरा सतरा" असं उत्तर येतं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे लोकांच्या चुका काढणं हाच माझा धंदा, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलंही आणि अजिबात जमलं नाही. दुकानाच्या पाटीवर 'अचुक काटे' असं लिहिलेलं होतं. 'अचूक' हा एकच शब्द चुकीचा लिहिण्यात काय गंमत आहे हे मी हसत हसत बोलून दाखवलं. आठवड्याच्या आत पाटी नवी झाली आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी रंगाऱ्याला झापलं. चूक रंगाऱ्याची होती, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं. स्वतःची चूक कबूल करणं हा प्रकार त्यांच्या दुकानात ठेवलेलाच नव्हता.

सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या. त्या सगळं मुठीने मापायच्या आणि त्यावरून दोघांची रोज जुंपायची, एवढंच मला ठाऊक होतं. माझे दिवस भरत आले आणि नेमका माझ्या आईचा पाय मोडला. ती तिकडे पलंगावर, पायाला प्लास्टर. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, तो दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेला. राहिले सासरेबुवा. सहासष्ट वर्षांच्या माणसावर बाळंतिणीची जबाबदारी पडली, आणि त्यांनी ती एखादा मोठा काटा दुरुस्तीला यावा तशी अंगावर घेतली.

मुलगी झाली. दोन किलो आठशे. "आठशे म्हणजे बरोबर आठशे की आठशेच्या आसपास?" हा त्यांनी दवाखान्यातल्या नर्सला विचारलेला पहिला प्रश्न. बरोबर आठशे, असं कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि नातीला बघून ते म्हणाले, "छटाक आहे नुसती!" तेच तिचं नाव पडलं.

छटाक जन्मली तशी नर्सने तिला पुसून सरळ माझ्या छातीवर ठेवलं होतं. तासाभरात ती चाचपडत चाचपडत प्यायलाही लागली. थोडंसं पिवळसर, चिकट दूध. "हा चीक एक थेंबसुद्धा वाया घालवू नका," नर्स म्हणाली, "बाळाची पहिली लस समजा." सासरेबुवा पडद्यापलीकडे उभे होते. तिथून आवाज आला, "किती मिळालं तिला?"

"चमचाभर असेल."

"चमचाभर? पासंगालाही पुरायचं नाही!"

ज्यांनी दोन पारड्यांचा काटा जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. एका पारड्यात टोपली किंवा कापड ठेवायचं असेल तर ते पारडं रिकामंच खाली जातं. मग दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच वजनाचं काहीतरी टाकून काटा आधी समतोल करून घेतात. त्या टाकलेल्या वजनाला पासंग म्हणतात. खरं वजन त्यानंतर. "आजोबा, तिचं पोट आज बोराएवढं आहे," नर्स म्हणाली, "चमचाभर म्हणजे तिला मेजवानी झाली." पडद्यापलीकडे ते बोराचं वजन करत असावेत.

घरी सोडताना नर्सने बजावलं, "सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं दूध नाही आणि वरचं पाणीसुद्धा नाही." आमच्याकडे प्यायचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. सासरेबुवांनी घरी येताच टाकीचा नळ बंद केला आणि खालच्या नळावरून बादल्या वाहायला सुरुवात केली. तीन दिवस! तिसऱ्या दिवशी ते जिन्यात धापा टाकत बसलेले दिसले तेव्हा मी विचारलं, "बाबा, टाकी बिघडली का?" तर म्हणाले, "वरचं पाणी नाही म्हणाल्या ना त्या." मी हसले तर टाके दुखत होते आणि हसू आवरलं तर जास्तच दुखत होते. वरचं म्हणजे आईच्या दुधाशिवाय जे जे काही ते, हे समजावल्यावर ते शांतपणे उठले, टाकीचा नळ उघडला आणि म्हणाले, "बोलताना नीट बोलावं माणसाने."

पाजणं हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. सुनेशी असलं कसं बोलायचं! मग त्यांनी आपला एक शब्द शोधून काढला. दाराबाहेरून खाकरून विचारायचे, "सूनबाई, पुरवठा झाला का?" मीही आतून सांगायची, "चालू आहे, बाबा."

पुरवठा चालू होता खरा, पण सोपा नव्हता. तिसऱ्याचौथ्या दिवशी दूध उतरलं तेव्हा छाती दगडासारखी झाली. छटाक नुसतं टोक पकडायची आणि मी ओठ आवळून छताकडे बघत राहायची. दर दोन तासांनी ती जागी. आणि सासरेबुवांना हवा होता हिशेब. प्रत्येक वेळी पाजण्याआधी एकदा आणि नंतर एकदा तिचं वजन करावं, म्हणजे नेमकं किती गेलं ते कळेल, असा त्यांचा बेत होता. "बाबा, पी हळद नि हो गोरी असं नसतं ते," मी म्हटलं. शेवटी तडजोड झाली. दर चार दिवसांनी एकदा, सकाळी दहाला, खाली दुकानात.

चौथ्या दिवशीचं ते वजन म्हणजे सोहळाच होता. शटर अर्धं खाली, पंखा बंद. दोन पारड्यांचा जुना पितळी काटा लिंबू-राख लावून घासलेला. छटाकला थंडी वाजू नये म्हणून पारड्यात पिवळं जाड दुपटं घातलं, कापूस भरलेलं, रजईच म्हणा. समोरच्या पारड्यात छऱ्यांची छोटी पिशवी टाकून पासंग केला. मग नात पारड्यात आणि आजोबांचा श्वास रोखलेला. दोन किलो सहाशे वीस. जन्मापेक्षा कमी, पण पहिल्या दिवसांत एवढं उतरतंच, दोन आठवड्यांत भरून निघतं, हे दवाखान्यात सांगितलं होतं. सासरेबुवांनी मान हलवली, पण त्यांच्या कपाळावरची आठी काही हलली नाही.

आठव्या दिवशी सकाळी ते तिला घेऊन खाली गेले आणि दहा मिनिटांनी वर आले ते चेहरा पाडून. "दोन किलो पाचशे साठ. साठ ग्रॅम कमी झाली, सूनबाई."

मी खाटेवर बसले होते. उभी असते तर बरं झालं असतं, निदान बसायला जागा मिळाली असती. आठ दिवस मी त्या पोरीला छातीशी धरून होते, रात्र म्हटली नाही की दिवस म्हटला नाही, आणि ती उपाशीच राहत होती? "परत एकदा करून बघू या का, बाबा?" मी विचारलं. "तीनदा केलं," ते म्हणाले. "काटा चुकत नाही."

आणि मग ते बाहेर पडले. परत आले ते हातात डबा आणि बाटली घेऊन. भुकटीच्या दुधाचा मोठा डबा, वर गुबगुबीत बाळाचं चित्र. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि इतक्या हळू आवाजात बोलले की मला भांडताही येईना. "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या नवऱ्याच्या वेळीही असंच झालं होतं. वीस दिवसांचा होता, वजन जागचं हलेना. मी डबा आणला, आणि महिन्याभरात पोरगं कसं टरारलं! आज बघ त्याच्याकडे. डब्यावरच वाढलाय तो."

माझा नवरा दारातून आत येताना वाकतो. त्याच्यापुढे काय बोलणार?

पण मला डबा उघडायचा नव्हता. का, ते मला धड सांगता येत नव्हतं. छटाक प्यायला लागली की तिची मूठ हळूहळू उघडायची, पाचही बोटं सैल होऊन माझ्या अंगावर पसरायची, आणि मला वाटायचं की मी हिला पुरी पडतेय. तेवढं एक वाटणं माझ्याजवळ होतं, आणि ते साठ ग्रॅमने खोटं ठरवलं होतं. मी रडले. स्पष्टच सांगते, भोकाड पसरून रडले, आणि माझं बघून छटाकनेही सूर लावला. सासरेबुवा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, "चारला नर्सताई यायच्यात ना घरी तपासायला? तोपर्यंत नको उघडायला. त्यांनी हो म्हटलं तर मात्र उघडायचा." मी नाक पुसत मान डोलावली. तेवढ्या वेळात मी त्या डब्यावरचा सगळा मजकूर वाचून काढला आणि शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. जिवाला तेवढाच विरंगुळा.

आमच्या भागातल्या नर्सताई चारला स्कूटरवरून आल्या. ठेंगण्या, चटपटीत, खांद्याला मोठी पिशवी. सासरेबुवांनी दारातच त्यांना आकडे ऐकवले. त्या "हं, हं" करत आत आल्या, हात धुतले, छटाकला उचललं, तिच्या ओठांच्या आत बोट फिरवून ओल बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. "ही उपाशी पोर वाटत नाही मला," त्या म्हणाल्या. पिशवीतून आपला चपटा काटा काढला, त्यावर कापड घातलं, आकडा शून्यावर आणला आणि छटाकला उघडी ठेवली.

दोन किलो सातशे तीस.

"तुमचा काटा चुकीचा आहे," सासरेबुवा ताबडतोब म्हणाले.

"असेल बाई," ताई म्हणाल्या. "तपासा की. तुमचाच धंदा आहे."

ते खाली गेले आणि मखमलीच्या पेटीतली आपली ठेवणीतली वजनं घेऊन आले. एक किलो ठेवलं, एक किलो दिसलं. दोन ठेवली, दोन दिसली. पाचशे, दोनशे, शंभर. ताईंचा काटा एका ग्रॅमने इकडचा तिकडे होईना. सासरेबुवांनी पेटी मिटली आणि ती मांडीवर घेऊन बसले. त्यांचा स्वतःचा काटा नीट होता, हे त्यांना ठाऊक होतं. हाही नीट निघाला. आणि दोन्हींच्या मध्ये एकशे सत्तर ग्रॅमची नात गायब होती.

"आता पाजून दाखव मला," ताई मला म्हणाल्या. सासरेबुवा खोलीबाहेर जायला हवे होते, पण त्यांचे प्रश्न संपलेले नव्हते. त्यांनी मधला मार्ग काढला. ते कपाटाकडे तोंड करून उभे राहिले आणि पुढचं सगळं कपाटाशी बोलले.

ताईंनी माझ्या पाठीशी उशी लावली. "बाळाला छातीजवळ आण, तू वाकू नकोस. तिला आ करू दे मोठा. नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही आत जायला हवा. हं, आता बघ." खरंच, त्या वेळी दुखलं नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा! छटाकचा जबडा संथ लयीत हलू लागला आणि मधूनमधून घुटका गिळल्याचा आवाज येऊ लागला. "ऐकू येतंय ना, काका?" ताईंनी विचारलं. "हे गिळणं आहे."

"आवाज ऐकून माप कळतं का?" कपाटाकडून प्रश्न आला. "डब्याच्या दुधातही सगळं असतं, लिहिलंय त्यावर."

"पोषण असतं की. पण उद्या तुम्हाला सर्दी झाली तर ती डब्याला कळते का? आईच्या अंगाला कळते. घरात जो काही रोग फिरत असेल, त्याच्याशी लढायचं बळ ते तयार करतं आणि दुधातून बाळाच्या पोटात पोचवतं. आमच्याकडे अंगावर पिणारी बाळं जुलाबाने कमी येतात, छातीत कफ होऊन कमी येतात, कान दुखून कमी येतात."

"किती कमी?"

"ते मी तुम्हाला ग्रॅममध्ये नाही सांगू शकत."

मग मीच विचारलं, पाजताना माझ्या पोटात कळ येते ती कसली. "ती चांगली कळ," ताई म्हणाल्या. "गर्भाची पिशवी आवळून जागेवर येतेय तुझी. रक्त जाणं आटोक्यात राहतं. आणि पुढच्या आयुष्यात छातीच्या कॅन्सरचा धोकाही कमी होतो. फायदा तिचा एकटीचा नाही, तुझाही आहे. फक्त एक कर. एक बाजू पुरती संपू दे, मग दुसरी दे. आधी येतं ते पातळ, तहान भागवायला. मागून येतं ते दाट, वजन वाढवायला. आणि रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात ना, ते विसर. रडणं ही शेवटची हाक. त्याआधी बाळ ओठ चाटतं, मूठ तोंडात घालतं, मान इकडेतिकडे फिरवतं. तेव्हाच घ्यायचं."

"आणि थोडं अंगावरचं, थोडं बाटलीतलं असं केलं तर?" कपाटाचा आवाज आता जरा नरम होता.

"मग ही ओढेल कमी. आणि ओढेल कमी, तर तयारही होईल कमी. काका, दुकानदार आहात तुम्ही. मागणी तसा पुरवठा."

सासरेबुवांची पाठ एकदम ताठ झाली. आपला शब्द आपल्याकडे असा परत येईल, असं त्यांना वाटलं नसावं. मला हसू आलं आणि छटाक हलली, म्हणून मी ते दाबलं.

"तसं कुणाकुणाला खरंच पुरत नाही," ताई पुढे म्हणाल्या. "कुणाची काही औषधं चालू असतात. अशा वेळी डॉक्टर सांगतील ते द्यायचं आणि त्या बाईला एका शब्दाने बोलायचं नाही. डबा म्हणजे काही विष नव्हे. पण हिच्यावर ती वेळ आलेली नाही."

"पण बाटलीला रेघा असतात, ताई," सासरेबुवा अगदी कळवळून म्हणाले. "किती गेलं ते दिसतं. इथे रेघा कुठे आहेत? माणसाने भरवसा ठेवायचा तरी कशावर?"

"तुमच्या डाव्या हाताला खिडकी आहे. बाहेर दोरीवर बघा. किती लंगोट आहेत?"

त्यांनी मोजले. "अकरा."

"कालपासूनचे?"

"काल दुपारपासूनचे," मी म्हणाले. "आणि दोन अजून भिजत आहेत."

"दिवसाला सहाच्या वर असले की आम्ही निश्चिंत असतो. खाली एवढं येतंय ते वरून गेल्याशिवाय येतं का? हातच्या काकणाला आरसा कशाला!"

सासरेबुवा खिडकीतून दोरीकडे बघत होते. अकरा लंगोट, तीन झबली, आणि टोकाला पिवळं जाड दुपटं. त्याला ते बघत राहिले, मग वळले आणि खाली गेले. जिन्यावर त्यांची पावलं नेहमीपेक्षा भरभर वाजली.

वर आले तेव्हा त्यांच्या हातात छऱ्यांची ती छोटी पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. "पासंग तसाच राहिला," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

मला कळायला क्षणभर लागलं आणि मग मी कपाळावर हात मारून घेतला. सकाळी छटाकने जाड दुपटं चिंब केलं होतं. मी ते धुऊन वाळत घातलं आणि तिला पातळ दुपट्यात गुंडाळून आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी ती तशीच पारड्यात ठेवली. समोरच्या पारड्यात मात्र जाड दुपट्याचा पासंग चार दिवसांपासून बसलेला. दोन दुपट्यांतला एकशे सत्तर ग्रॅमचा फरक नातीच्या वजनातून वजा झाला. तीनदा तोललं, तीनदा तेवढाच. छटाक चार दिवसांत एकशे दहा ग्रॅम वाढली होती! भरपूर प्यायली म्हणून दुपटं भिजलं, आणि दुपटं भिजलं म्हणून ती उपाशी ठरली.

"दुपटं मी बदललं, बाबा. मीच सांगायला हवं होतं," मी म्हटलं. चुका काढण्याचा माझा धंदा, आणि नाकाखालची दिसली नाही.

"दुपटं तू बदललंस. पारड्यात मी ठेवलं." त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "चुकलो."

ताईंना त्या शब्दाची किंमत माहीत नव्हती. त्या "होतं असं, काका" म्हणत पिशवी आवरून गेल्यासुद्धा. मी मात्र या घरात तीन वर्षं काढली आहेत. मला एकाच वेळी इतका आनंद झाला होता आणि त्यांची इतकी दया येत होती की काय करावं ते सुचेना. म्हणून मी छटाकची दुसरी बाजू सुरू केली.

सहाला नवरा आला. सासरेबुवा टेबलाशी बसलेले होते, समोर न उघडलेला डबा. गेले दीड तास ते तसेच होते. मी दोनदा चहा विचारला तर नको म्हणाले. नवऱ्याने बूटही काढले नव्हते तेवढ्यात ते म्हणाले, "बस जरा. तुला एक सांगायचंय."

त्यांनी सकाळपासूनचं सगळं सांगितलं, पासंगासकट. नवरा हसायला लागला. "हसू नकोस," सासरेबुवा म्हणाले. "तुझ्या वेळीही हाच काटा होता. तुझ्या वेळीही दुपटी बदलत होती. तेव्हा मी दर वेळी पासंग नव्याने केला होता का? मी दुपारपासून आठवतोय. मला आठवत नाही. तुझी आई म्हणाली होती, काटा चुकला असेल का हो? मी म्हणालो, माझा काटा? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डबा आणला मी. तिचं दूध पुरत असणार रे. मी तोडलं तिचं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो बुटाची नाडी सोडत होता, ती तशीच धरून थांबला होता.

"बाबा," तो म्हणाला, "आईने मला डब्यातलं कधी पाजलंच नाही."

"काय?"

"तुम्ही खाली दुकानात गेलात की ती मला अंगावर घ्यायची. तुम्ही वर यायच्या वेळेला बाटली धुऊन पालथी घातलेली असायची. तिनेच सांगितलं होतं मला, एकदा भाजी निवडताना. म्हणाली, बाबांना सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेतील."

सासरेबुवा डब्याकडे बघत राहिले. तीन दशकं त्या बाईने ताकास तूर लागू दिली नव्हती. "सात डबे आणले मी," ते शेवटी म्हणाले. "सात. ते गेले कुठे मग?"

"मांजरीला," नवरा म्हणाला.

त्यांच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं, आता या माणसाला रडू कोसळणार. मी छटाकला खांद्यावर घेऊन उठायच्या बेतात होते.

"साडेसहा किलो," ते म्हणाले.

"काय साडेसहा किलो?"

"मांजर. तोललं होतं मी तिला. आणि गल्लीभर सांगत फिरत होतो, दुकानातले उंदीर खाऊन माजलीय म्हणून!"

आणि ते हसायला लागले. नवरा हसला, मीही हसले. सासरेबुवांचं हसणं थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी थांबेना. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि ती," श्वास घ्यायला थांबून ते म्हणाले, "ती रोज मला म्हणायची, बघा हो, तुमच्या डब्याने पोर कसं बाळसं धरतंय! रोज म्हणायची. तोंडावर." मग ते हसायचे थांबले आणि समोरचा डबा जवळ ओढून घेऊन त्यावरच्या गुबगुबीत बाळाकडे बघत बसले.